रिकामा खिळा

सोलापूर,
रविवार, ५ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप सिद्धलिंगप्पा अण्णांच्या पायांशी धाकटी बहीण शिवबाई हिचे शरणार्थी व साष्टांग नमस्कार.

सिद्धरामाच्या कृपेने मी आणि तुमची कन्या चि. चंद्रव्वा दोघीही इकडे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? बसव्वावैनींना सांगावे की एरंडेल कोमट करून चोळायचे असते, नुसती बाटली देवापुढे ठेवून गुडघा उतरत नाही. दोन्ही सूनबाईंना आशीर्वाद, आणि सातही नातवंडांना गोड गोड पापे (सातच ना? मधल्या काळात आठवे आले असल्यास त्यालाही).

तुमचे कार्ड मंगळवारी पोचले. कार्डच असल्यामुळे ते माझ्याआधी पोस्टमनने, घरमालकीण रंभाबाईंनी आणि आमच्या शाळेच्या निंगप्पा शिपायाने वाचले, आणि मी घरी यायच्या आत तिघांचे त्यावर एकमतही झाले होते. मजकूर असा : "चंद्री शाळेत लोकांच्या पोरांची नाके पुसते असे पेठेतल्या माणसाकडून कळले. नाकेच पुसायची तर आपल्या घरात सात आहेत. परीक्षेची गरज नाही. सोमवारी तेरा तारखेला येतो, तिचे बोचके बांधून ठेवावे. तुला पोर ना बाळ, तुला त्यातले काय कळते?"

अण्णा, आता हे तुम्ही-बिम्ही माझ्याच्याने जमणार नाही. रागावले की मला 'तू' येते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्या शेवटच्या वाक्यासाठी तुला एक दिवस उपास घालायला हवा होता, पण ते वैनींवर सोपवते. मला पोर नाही, बाळ नाही, कबूल. पण गेल्या जूनपासून मला सव्वीस पोरे आहेत, आणि ती सव्वीस पोरे सांभाळायला शिकणाऱ्या चौदा मुली आहेत, आणि त्या चौदांत पहिला नंबर तुझ्या मुलीचा आहे. तो कसा, ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. चष्मा लाव आणि नीट बसून वाच. दुकानात बसून वाचू नकोस, गिऱ्हाईक आले की तू पान हरवतोस.

हल्ली शाळांत कार्यानुभव म्हणून एक विषय आला आहे. म्हणजे मुलींनी नुसती पुस्तके वाचायची नाहीत, हाताला एखादे काम शिकायचे. कुठे उदबत्त्या करतात, कुठे पिशव्या शिवतात. आमच्या शाळेने गेल्या वर्षी खडू केले होते. ते खडू फळ्यावर उमटत नसत, पण खाली पडले की फार छान फुटत. म्हणून या वर्षीच्या पहिल्या सभेत मी उभी राहिले (मला बसून बोलताच येत नाही) आणि म्हणाले, हेडबाई, गल्लोगल्ली बालवाड्या निघताहेत आणि त्यांत शिकवायला माणूस नाही, कोणीही उठतो आणि बालवाडीची बाई होतो. आपल्या दहावीच्या मुलींना हेच काम शिकवा, चांगला पोटापाण्याचा धंदा होईल. हेडबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, छान, मग तुम्हीच घ्या. मी गृहशास्त्राची बाई. एकोणीस वर्षे मी शंकरपाळी आणि रफू यांपलीकडे गेले नव्हते. पण माघार घेतली असती तर ती मी कसली! वाचनालयातून शिशुसंगोपनाची तीन पुस्तके आणली, तिन्ही पाठ केली. त्या तिघा लेखकांपैकी एकालाही कधी पोर चावले असेल असे वाटत नाही.

मागच्या अंगाला जुनी शिवणकामाची खोली होती, तिथे दुपारी दोन ते साडेचार अशी बालवाडी थाटली. पोरे सगळी मिलच्या मागच्या गल्ल्यांतली. कुणी घरी तेलुगू बोलणारे, कुणी कानडी, कुणी दखनी. रडणे मात्र सगळ्यांचे सारखेच. पहिल्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस पोरांनी जो सूर लावला तो दहा मिनिटांत माझ्या मुलींना लागला. चौदांतल्या पाच जणी रडू लागल्या, आणि एक तर "माझी आई कुठाय" म्हणून रडत होती, सोळा वर्षांची घोडी! मी पुस्तकाचे बत्तिसावे पान उघडून मोठ्याने वाचत होते : 'प्रथमदिनी बालकांस प्रसन्न वातावरणाचा अनुभव द्यावा.' तुझी चंद्रव्वा तेवढी रडत नव्हती. ती खाली फरशीवर फतकल मारून बसली, पदरात शेंगा होत्या त्या सोलू लागली आणि सोललेले दाणे एका ओळीत मांडू लागली. कुणाशी बोलली नाही की कुणाला बोलावले नाही. थोड्या वेळाने एक पोर रडता रडता जवळ आले, मग दुसरे. अर्ध्या तासात सव्वीस पोरे दाणे मांडत होती (आणि खात होती), आणि मी अजून बत्तिसाव्या पानावरच होते.

पण खरी पंचाईत भोंग्याची. दुपारी तीनला मिलचा भोंगा झाला की पाळी सुटते, आणि या पोरांना जन्मापासून एवढेच ठाऊक की भोंगा झाला म्हणजे बाप सुटला. भोंगा झाला रे झाला की अख्खी बालवाडी उठून दाराकडे धाव घ्यायची. गाणे चालू असो, गोष्टीत वाघ अगदी शेळीजवळ आलेला असो, माझ्याकडे पाठ फिरवून सगळी पसार. मी दार लावून पाहिले, गूळ-शेंगांची लाच देऊन पाहिली, एकदा तर दारात आडवी उभी राहिले, तर माझ्या पायांमधून गेली (मी काही बारीक नाही, म्हणजे बघ). तिन्ही पुस्तकांत भोंग्यावर एक अक्षर नव्हते.

तेव्हा चंद्रव्वा एके दिवशी मला म्हणाली, आत्या, मी दोन दिवस मिलच्या गेटवर उभी राहून बघते. मी कडाडले. वयात आलेली पोरगी, लिंगायताच्या घरची, मिलच्या गेटवर उभी! पण ती ऐकेना (हे तिने कुणाचे घेतले ते आपण दोघेही जाणतो), म्हणून निंगप्पाला सोबत दिले. दोन दिवस पाहून आली आणि म्हणाली, कामगार आत जाताना गेटवरच्या पाटीवरचा आपला बिल्ला उचलतो आणि सुटल्यावर परत त्याच खिळ्याला अडकवतो, तवा त्याला भायेर सोडतात. मग रविवारभर बसून तिने लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापले, सव्वीस बिल्ले केले, प्रत्येकावर वेगळे चित्र काढले : पोपट, कंदील, वांगे, बैल, छत्री. रंभाबाईंकडून सूत आणून त्यांत ओवले. एका फळीवर निंगप्पाकडून सव्वीस खिळे ठोकून घेतले. पोर आले की आपल्या चित्राचा बिल्ला काढून गळ्यात घालायचा, जाताना परत खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा, म्हणजे पोर आत. बस्स, एवढाच कायदा. आणि काय सांगू अण्णा, जी पोरे माझ्या बापाचे ऐकत नव्हती ती त्या खिळ्याचे ऐकू लागली! कारण घरी बाप करतो तेच आपण करतो, ही त्यांची ऐट. भोंगा झाला की दारात रांग लागायची आणि प्रत्येक जण आपला खिळा शोधायचा. चार वर्षांच्या पोराने रांगेत थांबायचे, आपले चित्र ओळखायचे, वस्तू जागेवर ठेवायची : पुस्तकात याला तीन प्रकरणे लागली आहेत. मग कोपऱ्यावर बाप भेटला की त्याचा हात धरून बहुतेक जण घरी, आणि उरलेली पुन्हा बिल्ला घेऊन आत.

आणखी एक. प्रत्येक मुलीने एक वही ठेवायची असा माझा दंडक होता. बाकीच्या तेरा जणींनी वह्यांत काय लिहावे? 'बालके आनंदात होती.' रोज तेच. चंद्रव्वाच्या वहीत होते : 'छत्रीवाला डाव्या कानानं कमी ऐकतो. वांग्याला घरी मारतात, हात उचलला की डोकं लपवतो. कंदीलवाली अंबू जनावराला भिती, पण भ्याली की रडत न्हाय, लपती.' ही शेवटची ओळ ध्यानात ठेव.

आता तपासणी. बारा जानेवारीला गुरुवारी शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई येणार असे कळले. दुसऱ्या दिवसापासून सिद्धरामाच्या गड्डा यात्रेची चार दिवस सुट्टी, म्हणजे सगळ्यांच्या मनात यात्रा आणि माझ्या मनात तपासणी. पुस्तकात म्हटले आहे की बालकांस शक्यतो प्रत्यक्ष वस्तू दाखवावी. त्या दिवशीचा पाठ होता 'गाय'. मी निंगप्पाला त्याच्या घरचे वासरू आणायला सांगितले. (तू हसू नकोस.) कुणीतरी आणखी एक शहाणपणा केला. मिलच्या गेटासारखी दिसणारी ती खिळ्यांची फळी खात्याच्या बाईंपुढे शोभणार नाही, म्हणून भिंतीवरून काढून दाराआड जमिनीवर उभी केली. कोणी, ते पुढे सांगेन, घाई करू नकोस. दाराआड वाकून वाकून चंद्रव्वाने पोरांच्या गळ्यांत बिल्ले घातले.

वासराने काय काय केले त्याची सगळी यादी देत नाही. त्याने आधी पताका खाल्ल्या, मग भिंतीवरचे वेळापत्रक सोमवारपासून गुरुवारपर्यंत खाल्ले, मग तपासनीस बाईंच्या अंबाड्यातल्या शेवंतीकडे मान वळवली. पोरे खिदळू लागली, दोन-चार किंचाळली, माझ्या मुली वासराला ओढू लागल्या, आणि नेमका तीनचा भोंगा झाला. तपासनीस बाई उठून उभ्याच राहिल्या. मला वाटले, गेले, नाक कापले! तेवढ्यात दारातून चंद्रव्वाचा आवाज आला, शांत, घरात बोलावे तसा : "बिल्ला लावल्याबिगर कुनी जायचं न्हाय हं." आणि त्या गोंधळात, वासरासकट, रांग लागली. एकेक पोर दाराआड वाकून खिळ्याला बिल्ला लावत होते. बाई बघतच राहिल्या. ही पद्धत कोणाची, असे त्यांनी विचारले, आणि त्यांना उत्तर मिळाले. मग त्यांनी शेऱ्याच्या वहीत पान भरून लिहिले, चहा घेतला आणि त्या गेल्या. गायीचा पाठ वासरानेच उरकला होता, सुट्टीचे वातावरण होते, त्या दिवशी एकही पोर परत आत आले नाही. खोलीत नजर टाकून कुणीतरी दाराला कुलूप घातले. चार दिवसांचे.

आम्ही सगळ्या फाटकापर्यंत आलो. पेढे आणायची भाषा चालली होती. चंद्रव्वा मागे राहिली. ती फळी तिने दोन्ही हातांनी उभी धरून बाहेर आणली होती, ती उन्हात धरून बघत उभी राहिली आणि म्हणाली, कंदिलाचा खिळा रिकामा हाय. तिला सांगण्यात आले की अंबू गळ्यात बिल्ला घालूनच घरी पळाली असेल, गोंधळात एखादा राहतो. "न्हाय. खिळा रिकामा हाय म्हंजे अंबू आत हाय." तिला सांगण्यात आले की खोली रिकामी पाहूनच कुलूप घातले आहे, आता किल्ली परत निघायची नाही. अण्णा, तुझी मुलगी, जी माझ्यापुढे मान वर करत नाही, ती त्या किल्लीवाल्या माणसाच्या वाटेत उभी राहिली. म्हणाली, "अंबू भ्याली की वरडत न्हाय. लपती. मी वहीत लिवलंय. किल्ली द्या, न्हायतर मी कुलूप दगडानं फोडते." आणि खरोखरच खाली वाकून दगड उचलला.

कुलूप उघडले. खोली रिकामीच होती. चंद्रव्वा सरळ कपाटाकडे गेली. पोरांना दुपारी निजवायला चादरी असतात त्यांची चळत कपाटात मागे लावलेली, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या बोळात अंबू झोपली होती. वासराला भिऊन शिरली, भोंगा ऐकूनही बाहेर आली नाही, आणि तिथेच तिचा डोळा लागला. मुठीत कंदील घट्ट धरलेला. आई विड्या वळायला गेलेली, तिला वाटत होते पोर बापाबरोबर गड्ड्यावर गेली. बापाला वाटत होते पोर आईकडे आहे. संध्याकाळी शोधाशोध झाली असती, पण सगळी यात्रेच्या गर्दीत झाली असती. कुलूपबंद शाळेत कोण बघायला येणार होते, मला सांग! मी तेव्हापासून रात्री दोनदा तरी दचकून उठते. चंद्रव्वाने तिला उचलून खांद्यावर घेतले, बाहेर आणले, आणि आधी काय केले असेल? तिच्याकडून तो बिल्ला खिळ्याला लावून घेतला. मग घरी पोचवले.

आता मला सांग, तुझ्या घरातल्या सात पोरांत अशी कोण आहे, जी भ्याली की लपते? तुला ठाऊक आहे? सूनबाईंना ठाऊक आहे? नाक कुणीही पुसते रे, अण्णा. मीही पुसते. पण कुठले पोर कधी गप्प होते आणि का होते, हे बघायला शिकावे लागते, आणि ती हे शिकली आहे. मला तिचा इतका अभिमान वाटतो की परवा भाजीवालीलाही ही सगळी हकिगत ऐकवली, आणि तिने मला दोन जुड्या मेथी जास्त दिली.

आठवते का, आपले वडील वारल्यावर आणि माझे कपाळ रिकामे झाल्यावर गावातले सगळे म्हणत होते की शिवीने आता भावाच्या घरची भांडी घासावी. तेव्हा तू मला एसटीत घालून सोलापूरला आणलेस आणि ट्रेनिंगच्या शाळेच्या दारात उभे करून म्हणालास, "शिक. मी हाय." त्या दिवशी तुझा गुडघाही ठीक होता आणि अक्कलही. मी ते एक दिवसही विसरलेले नाही.

बाकी सर्व ठीक. वैनींना नमस्कार. उत्तर कार्डावर पाठवू नये, पाकिटात घालावे, रंभाबाईंना फार जागरण होते.

तुझी हट्टी बहीण,
शिवबाई

ता. क. : पत्र चंद्रव्वाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आत्या, सगळं खरं लिवलं, मग 'कुनीतरी' कोन ते का न्हाय लिवलं?" तर लिहिते. फळी दाराआड मी ठेवली. ही पद्धत कोणाची असे बाईंनी विचारले तेव्हा "आमच्याकडे अशीच रीत आहे, मीच घालून दिली" असे मी म्हणाले. कुलूप मी घातले. किल्ली माझ्या कमरेला होती. आणि ज्या माणसासमोर तुझ्या मुलीने दगड उचलला तो माणूस मीच. तू लिहिलेस ते खरे आहे, मला त्यातले फार कळत नाही. तिला कळते. सुट्टी संपल्यावर हेडबाईंना सगळे सांगितले आणि तपासनीस बाईंनाही पत्र घातले. हे लिहिताना जीव मेला, पण लिहिले.

ता. क. दुसरा : मुख्य काम राहिलेच. मार्चात परीक्षा झाली की बालवाडी शिक्षिकेचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याचा फॉर्म सोबत जोडला आहे. पालक म्हणून मी सही केली असती तरी चालले असते, पण चंद्रव्वा म्हणते, सही आप्पाचीच पायजे, न्हायतर मी जानार न्हाय. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे कर. हुरडा असल्यास येताना आण.

ता. क. तिसरा : सोमवारी येऊ नकोस, शनिवारी अकरा तारखेला दुपारी दोनच्या आत ये. फळी आता दारासमोर, सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे. तुझ्यासाठी चंद्रव्वाने तराजूचे चित्र काढून नवा बिल्ला केला आहे, तो गळ्यात घालून पोरांत बैस, गुडघा दुखत असल्यास तुला एकट्याला पाट देऊ. एक खिळा तिचाही आहे, चित्र शेंगेचे. तू आलास म्हणून ती बाहेर येणार नाही, आणि मी सांगितले म्हणूनही येणार नाही, बिल्ला तिने स्वतःच्या हाताने लावला पाहिजे. आज रविवार, तरी मी शाळेत जाऊन पाहिले. तिचा खिळा रिकामा आहे.